हट्ट सोडायचा, विश्वास नाही: मिश्र मंडळ्यांच्या प्रार्थना गटात नव्याने येणाऱ्यांसाठी

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये किंवा खारघरच्या एखाद्या सेक्टरमध्ये ख्रिस्ती घरं शोधायला निघालात, तर सहा घरांत पाच मंडळ्या सापडतात. वसईकडचं सामवेदी बोलणारं कॅथलिक घर, अहिल्यानगरकडून (पूर्वीचं अहमदनगर) आलेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, मराठवाड्यातलं मेथडिस्ट, केरळचं मार थोमा, आणि दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळीचं एखादं. गावाकडे अख्खी आळी एकाच चर्चला जायची, त्यामुळे एकीचा प्रश्न पडायचाच नाही. इथे लिफ्टमध्ये गळ्यातला क्रूस दिसतो, ओळख होते, नाताळात केक आणि करंज्यांची ताटं फिरतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "महिन्यातून एकदा मिळून प्रार्थना करू या की." त्या वाक्यानंतर नेमकं काय करायचं, ते पुढे सांगितलं आहे.

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल आत्म्याचं ऐक्य राखायला सांगतो. ते आधीच दिलेलं आहे, आपण फक्त ते मोडायचं नाही. त्यासाठी तो नम्रता, सौम्यता, सहनशीलता आणि एकमेकांना वागवून घेणं या गोष्टी मागतो. ऐकायला सोप्या वाटतात, पण त्यांची परीक्षा कुणाच्या घरी बसायचं, कुठल्या भाषेत गायचं आणि शेवटची प्रार्थना कोण करणार यावर होते. नवीन माणसाने पहिल्या दिवसापासून एक फरक डोक्यात ठेवावा: सवय, आवड, वेळ, चाल, भाषा, बसायची जागा या सोडण्याच्या गोष्टी आहेत. आपल्या चर्चची शिकवण आणि शिस्त कुणी सोडायला सांगत नाही, आणि सांगितलं तर सोडू नये. बहुतेक गट मोडतात ते लोक हे उलटं करतात म्हणून. चालीवरून हटून बसतात आणि शिकवणीचा विषय निघाला की "सगळं एकच आहे हो" म्हणून मोकळे होतात.

ठाण्याला हा प्रश्न नवा नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या कॅथलिक संघातले धर्मबंधू, ठाण्यात येऊन थांबले: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रिउस. त्याच वर्षी ते इथेच मारले गेले. त्यांच्या मागून आलेल्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहून ठेवलंय की ठाण्यात पूर्वेकडच्या नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. ओदोरिकच्या लेखी ते पाखंडी. तरी परक्या गावात या चौघांना आसरा मिळाला तो त्यांच्यापैकीच एकाच्या घरी.

आधी आपल्या मंडळीत नाव

प्रार्थना गट हा चर्चचा पर्याय नाही. नव्याने राहायला आलात तर पहिल्या दोन महिन्यांत आपल्या पंथाचं जवळचं चर्च गाठा आणि नाव नोंदवा. जुन्या मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र आणा, कॅथलिक असाल तर पॅरिशच्या ऑफिसात कुटुंबाची नोंद करा. पुढे मुलाचा बाप्तिस्मा, लग्न, दफन या प्रत्येक वेळी ती नोंद लागतेच, आणि ऐनवेळी धावपळ करणाऱ्यांची इथे कमी नाही.

मग पाळकसाहेबांना किंवा फादरना गटाबद्दल स्वतःहून सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, पण टाळलं जातं. त्यांना तिसऱ्याकडून कळलं की पहिली शंका मेंढरं, म्हणजे मंडळीतली माणसं, पळवण्याची येते, आणि ती अगदीच निराधार असते असंही नाही. कुठे, कधी, कोणकोण जमतं हे सांगा. गटाची वेळ उपासनेच्या किंवा मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळेवर येणार नाही आणि गटात दशांश (उत्पन्नाचा चर्चला द्यायचा दहावा भाग) गोळा होणार नाही, एवढी खात्री द्या. त्यांनी एखादी अट घातली तर ती पाळा. नम्रतेचा पहिला धडा इथेच होऊन जातो.

रोजची पंधरा मिनिटं

गटात नम्र राहायचं आणि घरी सगळं आपल्या मनासारखं करायचं, हे फार दिवस जमत नाही. म्हणून एकट्याची तयारी आधी. सकाळी आठ मिनिटं, रात्री सात, एवढं पुरतं. सुरुवातीलाच तासभर ठरवणारे तिसऱ्या आठवड्यात बंद पडतात.

सकाळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. स्तोत्र १३१ वाचा, त्यात तीनच वचनं आहेत. पुढच्या आठवड्यात फिलिप्पैकरांस पत्र २:५-११ घ्या, जिथे ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचं सांगितलं आहे. मग त्या दिवशी तुम्ही घट्ट धरून ठेवलेल्या तीन गोष्टी नावानिशी मनात आणा. "माझं सगळं जीवन तुझ्या हाती" हे वाक्य फार मोठं आहे, त्यात काहीच सापडत नाही. "साहेबांनी माझंच ऐकावं", "सासूबाईंनी माफी मागावी", "शनिवारच्या सभेत मीच बोलावं" असं नेमकं ठरवा. प्रत्येकीवर गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना करा: माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मेथडिस्ट मंडळ्यांत नव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या कराराच्या उपासनेत हेच वर्षातून एकदा सगळी मंडळी मिळून करते. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने ती १७५५ मध्ये लंडनला सुरू केली. रोजच्या रोज छोट्या प्रमाणात केलं तर ते अंगी लागतं.

रात्रीची पद्धत कॅथलिकांकडून घ्या. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने शिकवलेली दिवसाची उजळणी: आधी आभार, मग दिवस तासातासाने डोळ्यांसमोर आणणं, कुठे चुकलं ते पाहणं, क्षमा मागणं, उद्याचं एक काम ठरवणं. उजळणीत एक प्रश्न हमखास घाला: आज मी कुणाचं बोलणं मध्येच तोडलं?

यात तीन गोष्टी बिघडतात. समर्पण म्हणजे हातपाय न हलवणं असं काहींना वाटतं. अर्ज भरायचा, औषध घ्यायचं, बोलणी करायची आणि निकाल देवावर सोडायचा, असा क्रम आहे. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःला सतत तुच्छ म्हणवणारी नम्रता. "माझ्यासारख्या पाप्याला काय येतंय" असं दर सभेत म्हणणारा माणूस सगळ्यांचं लक्ष स्वतःकडेच ओढत असतो. तबला येत असेल तर वाजवावा, विचारलं तर हो म्हणावं आणि वाजवून झाल्यावर बाजूला बसावं. तिसरी सर्वांत घातक: "प्रभूने मला सांगितलं." या वाक्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही, म्हणून ते गटात निर्णयाच्या वेळी वापरू नये. "मला असं वाटतं, तुम्हीही प्रार्थना करून बघा" असं म्हटलं तर चर्चा चालू राहते. देवाचं असेल तर ते दुसऱ्यांनाही उमगेल, एवढा धीर धरायची तयारी हवी.

पहिली बैठक

सहा ते दहा माणसं बरी. बारावर गेली की दोन-तीन जणच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात, तेव्हा गटाचे दोन करावेत. वार ठरवताना सगळ्यांत उशिरा घरी पोचणाऱ्याचा विचार आधी करा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरुळ-पनवेलकडे जाणाऱ्याला सोमवार ते शुक्रवार कुठल्याही दिवशी साडेआठ वाजतात. म्हणून शनिवारी संध्याकाळी सातची वेळ बहुतेकांना सोसते. रविवार दुपार मोकळी दिसते, पण मेगाब्लॉकमध्ये अर्धा गट स्टेशनवरच अडकतो.

एक तासाची आखणी अशी ठेवा: पाच मिनिटं शांतता, दहा मिनिटांत दोन गाणी, पंधरा मिनिटं वाचन, पंधरा मिनिटं वाचनावर बोलणं, दहा मिनिटं इतरांसाठी विनंत्या, शेवटी प्रभूची प्रार्थना. वाचन नव्या करारातूनच घ्यावं. कॅथलिक पवित्र शास्त्रात ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंटांकडे ६६, पण नव्या कराराची २७ सगळ्यांची एकच, त्यामुळे तुमच्यात हे आहे आणि आमच्यात नाही हा विषय निघत नाही. वाचणारा एक आणि चालवणारा दुसरा असावा. दोघेही दर वेळी बदलावेत, आणि बोलण्याच्या वेळी एकदा बोलून झालेल्याने सगळ्यांची पाळी होईपर्यंत गप्प बसावं. हा नियम नव्या माणसाला जाचक वाटत नाही. जाचतो तो पंचवीस वर्षं प्रवचन करणाऱ्याला, आणि तो त्याच्यासाठीच आहे.

चहा आणि बिस्किटं, बस्स. पहिल्या घरी वडे झाले की दुसऱ्या घरी बिर्याणी होते, आणि चौथ्या महिन्यात वन रूम किचनमध्ये राहणारी ताई "आमच्याकडे पुढच्या वेळी बघू" म्हणायला लागते. मग ती येणंच बंद करते आणि कारण कुणालाच कळत नाही. बिस्किटांचा नियम अशा ताईसाठी असतो. तो मोडणारा मनाने चांगला असतो, तरीही त्याला प्रेमाने अडवावं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा: अमुक दिवशी सात ते आठ, इतकी माणसं, स्पीकर नाही. ढोलकी असेल तर खिडक्या लावून, आणि पार्किंगमध्ये पाहुण्यांच्या गाड्या कुणाच्या जागेत लागणार नाहीत हे बघून. शेजाऱ्याला त्रास देऊन केलेल्या प्रार्थनेची चर्चा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत होते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त वेळ, पत्ता आणि विनंत्या. कुणाच्या आजाराचं नाव त्या माणसाला विचारल्याशिवाय टाकू नये. भविष्यवाण्या, दुसऱ्या पंथाबद्दलचे व्हिडिओ आणि राजकारण यांना तिथे जागा नको.

ठिणगी कुठे पडते

पहिल्याच बैठकीत, प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी. "वाइटापासून सोडव" या ओळीनंतर कॅथलिक आमेन म्हणून थांबतात, प्रोटेस्टंट "कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव" असं पुढे जातात. अर्धे थांबतात, अर्धे चालू राहतात आणि सगळे ओशाळतात. कॅथलिकांच्या मिस्सातही ही ओळ आहे, फक्त मध्ये फादरची एक छोटी प्रार्थना येते. त्यामुळे ती सर्वांनी म्हणायला अडचण नसते, फक्त चालवणाऱ्याने सुरुवातीलाच तसं सांगावं.

जपमाळ, संतांकडे केलेल्या विनंत्या आणि अन्य भाषांतली (आत्म्याच्या प्रेरणेने, इतरांना न समजणाऱ्या बोलीत केलेली) मोठ्याने प्रार्थना या तिन्ही गोष्टी गटाच्या तासाबाहेर ठेवाव्यात. आपापल्या घरी आणि चर्चमध्ये त्या मोकळेपणाने कराव्यात. अन्य भाषांबद्दल तर पौलानेच करिंथकरांना सांगितलंय की अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं.

प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) गटात करू नये. एकमेकांच्या चर्चमध्ये पाहुणे म्हणून जा, पण तिथली शिस्त पाळा. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये इतर पंथीयांना सर्वसाधारणपणे सहभागिता दिली जात नाही. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या पाहुण्यांना मेजावर बोलावतात, तरी कॅथलिक पाहुण्याने त्याच्या चर्चच्या नियमाप्रमाणे जागेवरच बसायचं असतं. ते दुखतं. लपवू नये. "चालतं हो, कोण बघतंय" म्हणून हे दुखणं बुजवणाऱ्यांपेक्षा ते सोसून बसून राहणारा एकीच्या अधिक जवळ असतो, असं आम्हाला वाटतं.

बाप्तिस्म्याचं त्याहून नाजूक. कॅथलिक चर्च पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा मान्य करतं आणि पुन्हा देत नाही. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बहुधा विश्वास धरल्यावर बुडवून दिलेलाच मानतात. गटात कुणीही कुणाला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सुचवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशी तोंडाने बोलून घ्या. मोठ्या प्रमाणावर हा पेच कसा हाताळला गेला ते पाहायचं तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे बघा. १९२९ मध्ये लखनौला बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एक झाली. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त मोठ्यांना देणारे बाप्टिस्ट, ब्रेदरेनही होते. दोन्ही पद्धती ठेवल्या गेल्या. आणि बोलणी सुरू करणाऱ्यांतली मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. एकेचाळीस वर्षांची बोलणीही सगळ्यांना आत आणू शकली नाहीत. तुमच्या गटातलं एखादं घर गेलं तर लगेच कुणाला दोष देऊ नका.

भांडण झालं तर

होणार. मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या स्पष्ट आहेत: आधी एकट्याने एकट्याला, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे नेमका उलटा प्रवास होतो. आधी ग्रुपवर टोमणा, मग पाळकसाहेबांना फोन, आणि समोरच्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

पहिली पायरी दोन दिवसांत उरका, आणि प्रत्यक्ष भेटून. ठाण्यात तलावपाळीला एक फेरी मारताना किंवा वाशीच्या मिनी सीशोरवर चालताना बोलणं सोपं जातं, समोरासमोर बसल्यावर आवाज चढतो. फक्त घडलेली गोष्ट सांगा, हेतू चिकटवू नका. "तुम्ही माझं नाव यादीतून काढलंत" एवढंच म्हणा, "तुम्हाला आम्ही नकोच आहोत" हे नको. चूक तुमची असेल तर माफी पूर्ण मागा. "वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे, तिच्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. "मी तुमचं नाव न विचारता काढलं, ते चुकलं, क्षमा करा." मग थांबा. कारणं सांगू नका.

मधला माणूस निवडताना दोघांनाही जवळचा असलेला घ्या. फिलिप्पै शहरातल्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे यांचं बिनसलं तेव्हा पौलाने कोण बरोबर, कोण चूक हे लिहिलंच नाही. दोघींना एकचित्त व्हायची विनंती केली आणि एका सोबत्याला त्यांना मदत करायला सांगितलं. न्यायनिवाडा करणारा मध्यस्थ गटाला परवडत नाही.

एखाद्या बाजूवर सारखा अन्याय होतोय अशी तक्रार असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा वाचा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. म्हणजे वाटपाचं काम बहुधा तक्रार करणाऱ्या बाजूच्याच हाती गेलं. मल्याळी कुटुंबं म्हणत असतील की सगळं मराठीतच होतं, तर पुढचे तीन महिने गाण्यांची निवड त्यांच्याकडे द्या. चर्चेपेक्षा हे लवकर लागू पडतं.

नम्रतेच्या नावाखाली काय सोसायचं नाही, तेही नवीन माणसाला पहिल्या दिवशीच सांगावं. मारणाऱ्या नवऱ्याबद्दल "ताई, नम्र राहा, प्रार्थना करा" असा सल्ला कुणी देऊ नये. महिला हेल्पलाईन १८१, तातडी असेल तर ११२. लहान मुलाच्या लैंगिक छळाची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, चाईल्ड हेल्पलाईन १०९८. इथे मत्तयाच्या पायऱ्या लावत बसायचं नाही. पैशांचंही तसंच: पहिलं वर्ष गटाचा निधी नसावा. नंतर केलाच तर वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या दोघांच्या सहीने, आणि वही सगळ्यांना खुली.

जानेवारीचा आठवडा

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा. १९०८ मध्ये पॉल वॉटसन या अमेरिकी धर्मगुरूंनी तो सुरू केला. १९६८ पासून त्याचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात, त्यामुळे कुठल्याच बाजूला ते परकं वाटत नाही. गट सहा महिने टिकला असेल तर या आठवड्यात एक संयुक्त प्रार्थना ठेवायला हरकत नाही.

तयारी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. डिसेंबरात नाताळामुळे कुठल्याही फादरना किंवा पाळकांना मान वर करायला वेळ नसतो. ठाण्यात तलावपाळीजवळचं कॅथलिक सेंट जॉन द बॅप्टिस्ट आणि १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी पवित्रीकरण केलेलं, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असलेलं सेंट जेम्स ही दोन्ही जुनी चर्च एकाच शहरात आहेत. अशी जोडी तुमच्या भागात शोधा आणि दोन्हीकडे एकाच दिवशी, दोन मंडळ्यांची माणसं मिळून विचारायला जा. वरून परवानगी लागते का ते त्यांनाच विचारा, लागत असेल तर पत्र त्यांच्यामार्फत पाठवा.

जागा ज्यांची, प्रवचन दुसऱ्यांचं. वेळ सव्वा तास, प्रभुभोजन नाही. गाण्यांच्या ओळी छापताना प्रत्येक मंडळीतलं एक गाणं घ्या आणि ते त्याच मंडळीने सुरू करावं, बाकीच्यांनी मागून म्हणावं. दोन मंडळ्यांची गायकमंडळं वेगवेगळी बसवली की नकळत स्पर्धा सुरू होते, म्हणून एकच मिश्र गायकमंडळ करा आणि दोन तालमी ठेवा, एक इकडे, एक तिकडे. योहान १३ वाचून पाय धुण्याचा विधी घ्यायचा असेल तर बारा माणसं, दोन घमेली, कोमट पाण्याचे तीन जग आणि बारा टॉवेल लागतात. धुणारा पुढारी आपल्या मंडळीच्या माणसाचे पाय धुणार नाही, दुसऱ्या मंडळीच्या माणसाचे धुईल. बायकांचे पाय बायकांनी धुवावेत असं कुणी सुचवलं तर वाद घालू नका.

अर्पण घेतलंच तर ते सरकारी हॉस्पिटलमधल्या रुग्णांच्या औषधांसारख्या, कुठल्याच चर्चच्या खात्यात न जाणाऱ्या कामासाठी, आणि रक्कम तिथेच जाहीर करा. शेवटी खुर्च्या उचलायला यजमान मंडळीची पोरं पुढे येतील. त्यांना बसवा आणि पाहुण्यांनी उचलाव्यात. पुढच्या वर्षी जागा बदलायची आहे, तेव्हा त्याच संध्याकाळी दुसऱ्या चर्चची तारीख वहीत लिहून घ्या.